एकोणिसावी नोंद

३ फेब्रुवारी, सोमवार

जागर वाचनालयाची खोली अठ्ठावीस तारखेला सोडायची आहे. पंतनगरातली आमची इमारत पुनर्विकासात गेली. पुस्तकं खोक्यांत भरून झाली, राहिला तो कोपऱ्यातला जुना संगणक. आमचे चिटणीस सीतारामकाका म्हणाले, "शनिवारी भंगारवाला येतोय, त्याआधी आतलं काय ते पुसून टाक."

पुसायला बसले. पडद्यावर 'स्मृतिकोश' अजून आहे. सुबोधने आणलेला प्रोग्राम. पुसण्याआधी एकदा उघडून बघावा म्हटलं, तर पडदा काळवंडला आणि मधोमध चौकट आली. हा प्रोग्राम चालवण्यासाठी प्रशासकाची परवानगी हवी. खाली 'कार्यालय' हे नाव आणि पासवर्डची रिकामी जागा.

मी आयुष्यात कोणाची परवानगी घेऊन बोलले नाही. पोलिसांची नाही, प्राचार्यांची नाही, घरच्यांची तर नाहीच. आणि ज्यात एक अक्षरही नाही हे मी भरल्या सभेत दाखवून दिलं, ते उघडायला मला परवानगी मागावी लागते.

चार वेळा काहीबाही टाकून पाहिलं. चौकट प्रत्येक वेळी तशीच परत आली, सावकाश, न रागावता. उठून आले.

५ फेब्रुवारी, बुधवार

पासवर्ड मीच ठेवला होता, एवढं आठवत होतं. म्हणून गेल्या वर्षीची वही काढली. १७ मार्च २०२४, वर्धापनदिन. सहा पानं लिहिली आहेत. अक्षर इतकं दाबून की पानाच्या पाठीवर उमटलंय.

कल्पना माझी होती. गिरणीत काम केलेली आणि आता घाटकोपर, मुलुंड, मानखुर्दला विखुरलेली म्हातारी माणसं, त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायच्या. काम सुबोधने अंगावर घेतलं. बत्तीस वर्षांचा होता, कुरियर कंपनीत नोकरीला. रविवारी घरोघर जायचा आणि संध्याकाळी वाचनालयात बसून टाइप करायचा. एक्केचाळीस जण झाले म्हणाला. त्यात माझे वडील अण्णाही होते, दत्ताराम. डिसेंबरात सुबोध त्यांच्याजवळ दोन दुपारी बसला. जानेवारीत अण्णा गेले. वर्धापनदिनी पडद्यावर पहिली नोंद अण्णांची उघडायची, असं मी जाहीर केलं होतं.

सभेला दोनशे माणसं. संगणक सीतारामकाकांनी कार्यालयाच्या नावाने सुरू केला. प्रोग्राम अडला, तेव्हा साकीनाक्याहून आणलेल्या प्रोजेक्टरवाल्याने कुठेतरी टिचक्या मारल्या आणि तो उघडला. पडद्यावर आलं, नोंदी: ०.

सुबोध म्हणाला, "ताई, काल होतं. मी लिहिलंय." तेच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला.

मी माइक घेतला. वहीत शब्दन्‌शब्द आहे. 'या माणसाने एक्केचाळीस म्हाताऱ्यांच्या तोंडचा शब्द पळवला आहे. यातले काही आता पुन्हा बोलायला येणार नाहीत. एकही ओळ नाही. वर्षभर याने आपल्याला एकही ओळ न लिहिता हिंडवलं.'

तरी मी त्याला संधी दिली. हे लोक विसरतात, म्हणून पुन्हा लिहून ठेवते. मी म्हणाले, "पडद्यावर नाही तर नाही. तोंडाने सांग. माझे वडील तुला काय म्हणाले, त्यातलं एक वाक्य सांग." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. एक वाक्य बोलला नाही. जो माणूस दोन दुपारी समोर बसून ऐकतो, त्याला एक वाक्य आठवत नाही? याहून मोठा पुरावा कोणता?

त्याच संध्याकाळी प्रोजेक्टरवाल्याकडून सुबोधचं संगणकावरचं खातं बंद करून घेतलं आणि कार्यालयाचा पासवर्ड बदलून मी स्वतःकडे ठेवला. तोही वहीत आहे. इंग्रजी अक्षरांत 'एकही ओळ नाही', मध्ये जागा न सोडता.

सप्टेंबरात सुबोध गेला. डेंग्यू. मी गेले नाही. मुलुंडला व्याख्यान होतं.

६ फेब्रुवारी

पासवर्ड टाकला. चालला. नोंदी: ०.

म्हणजे माझं खरं होतं. मग इतका वेळ तिथे का बसून राहिले?

८ फेब्रुवारी, शनिवार

भंगारवाल्याला पुढच्या आठवड्यावर ढकललं. गंधालीने सांगितलं होतं, मशीन तसंच देऊ नका, आतली सभासदांची माहिती मी नीट पुसून देते. गंधाली आमची नवी सभासद, पवईच्या एका ऑफिसात संगणक सांभाळते. पट्टदिशी बोलते. दहा मिनिटं खाटखूट करून म्हणाली, "ताई, हा सुबोध कोण?"

"होता एक."

"त्याचं खातं बंद करून ठेवलंय, पण फाइल्स आहेत ना आत."

"रिकाम्या असतील."

"रिकाम्या फाइलचं वजन एवढं नसतं."

ती प्रोग्रामच्या चित्रावर उजवी टिचकी मारून कुठेतरी आत शिरली आणि हसली. "हे कोणी केलंय? 'कायम प्रशासक म्हणूनच चालवा', सगळ्यांसाठी खूण करून ठेवलीय. म्हणून तुम्हाला दर वेळी पासवर्ड मागतोय."

"प्रोजेक्टरवाल्याने. त्याशिवाय चालत नव्हता."

"चालत नाही म्हटलं की हीच खूण करतात सगळे. किल्ली हरवली म्हणून दार तोडायचं, तसलं काम." मग तिने मला समजावलं. तिच्याच शब्दांत लिहिते, कारण मी दुपारपासून तेच घोळवते आहे.

"हा प्रोग्राम जुना आहे. लिहिलेलं तो स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवायला जातो. साध्या खात्याला तिथे लिहायची मुभा नसते. पण विंडोज तोंडावर नाही म्हणत नाही. गुपचूप त्या माणसाच्या नावाने दुसरीकडे एक कप्पा उघडतं आणि त्याचं लिखाण तिथे ठेवतं. त्याला वाटतं, मूळ जागी लिहितोय. रोज उघडतो, रोज सगळं दिसतं. दुसऱ्याने आपल्या खात्यातून उघडलं की त्याला स्वतःचा कप्पा दिसतो, रिकामा. आणि प्रशासक म्हणून उघडलं की थेट मूळ फोल्डर दिसतो. तोही रिकामा, कारण तिथे कधी कोणी लिहिलेलंच नाही."

"म्हणजे लिहिणाऱ्याला दिसतं आणि इतरांना नाही."

"हो. फक्त त्याचं त्याला."

तिला घरी जायची घाई होती. उद्या येते म्हणाली. मी खोलीला कुलूप लावलं. मग परत उघडून संगणक बंद झालाय ना ते पाहिलं. बंद होता.

९ फेब्रुवारी, रविवार

गंधालीने ती खूण काढली आणि सुबोधचं खातं पुन्हा चालू केलं. बंद खातं सुरुवातीच्या पडद्यावर दिसत नाही, हे मला माहीत नव्हतं. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा तिथे दोनच्या जागी तीन नावं होती. वाचक. कार्यालय. सुबोध. नावाच्या वर गोलात त्याचा फोटो. वाचनालयाच्या पायरीवर बसलाय, हातात हेल्मेट, जणू दार उघडायची वाट बघतोय. पायरी हीच, आता मी चपला काढल्या ती.

गंधालीने प्रोग्राम उघडला. काही अडलं नाही, कोणी परवानगी मागितली नाही.

नोंदी: ४१.

मी जे पहिलं बोलले ते इथे लिहून ठेवते, कारण ही वही माझी आहे आणि हिच्यात तरी मी सभेला उभी नाही. मी म्हणाले, "नंतर लिहिलं असेल. पकडला गेल्यावर."

गंधालीने मान वर न करता तारीख दाखवली. शेवटचं लिखाण १६ मार्च २०२४, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. सभेचा आदला दिवस. "आणि नंतर लिहिणार कसा? खातं बंद केलं ना तुम्ही सतराला."

मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "ताई, पाणी देऊ?"

१० फेब्रुवारी

झोपेतून उठल्यावर पहिला विचार आला तो असा: त्याने दुसऱ्या दिवशी येऊन एकदा स्वतःच्या नावाने का उघडून दाखवलं नाही? माणूस खरा असेल तर भांडतो. मी भांडले असते.

फोनमध्ये शोधलं. त्याचे तीन निरोप आहेत. सभेनंतर मी त्याचा आवाज बंद करून ठेवला होता, उघडलेच नव्हते.

१८ मार्च. 'ताई, फक्त दहा मिनिटं माझ्या नावाने संगणक उघडू द्या. तुम्ही समोर बसा.'

२१ मार्च. 'ताई, मी आज वाचनालयाबाहेर थांबलो होतो. सीतारामकाका म्हणाले, तुमच्याशिवाय कुणाला पासवर्ड माहीत नाही.'

२ एप्रिल. 'ठीक आहे ताई. मशीन फक्त भंगारात देऊ नका.'

१२ फेब्रुवारी, बुधवार

गंधालीने सगळ्या नोंदी काढून पेन ड्राइव्हवर दिल्या आहेत. घरच्या संगणकावर एकेक वाचते आहे. त्याने माणसं बोलली तशीच उतरवली आहेत, साफसफाई केलेली नाही. प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर नाव, गिरणीतलं खातं, आणि एक रकाना त्याने स्वतःच्या मनाने घातलाय: चहा. 'चहा: आलं घालून.' 'चहा: नको म्हणाल्या, मग दोनदा घेतला.' 'चहा: मीच केला, आजोबांना उठवत नव्हतं.'

चौथी नोंद शांताबाईंची. त्या सूतखात्यात होत्या. संपानंतर पंधरा वर्षं घरात कुणी काही बोललं की त्या जोरात उत्तर द्यायच्या, समोर यंत्र चालू आहे अशा आवाजात. शांताबाई गेल्या जुलैत गेल्या. आता घरात मी एकटी आहे आणि त्या जोरात बोलताहेत.

एक्केचाळीसपैकी चौदा माणसं आज नाहीत. लिहून घेणारा धरला तर पंधरा.

अठरापर्यंत वाचलं. एकोणिसावी अण्णांची आहे. आज नको.

१३ फेब्रुवारी

वाचली. जशी आहे तशी उतरवते.

'दत्ताराम. साचाखातं (विणकाम). चहा: बिनसाखरेचा, बशीतून.

संप सगळे सांगतात तसाच होता. मी वेगळं काय सांगू. एक आहे, पण ते कुणी विचारलं नाही. अस्मिताला तेव्हा दहावं वर्ष. छाती भरायची, श्वास लागायचा. दवाखान्याचं कार्ड कामावर असलेल्यालाच. चौथ्या महिन्यात मी मागच्या दाराने आत गेलो. अकरा दिवस साचा चालवला. एवढ्या मोठ्या खात्यात आम्ही सहा जण. साचे चालू आणि माणसं नाहीत, तो आवाज पुन्हा कधी ऐकला नाही, ऐकायचाही नाही. बाराव्या दिवशी पोरीचा श्वास मोकळा झाला. मी बाहेर आलो आणि पुन्हा गेटावर जाऊन उभा राहिलो.

ती भाषणात सांगते, माझा बाप एक दिवससुद्धा आत गेला नाही. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. काय करणार. बोलताना ती फार छान दिसते. लहानपणी एक वाक्य पुरं करायला तिला तीनदा थांबावं लागायचं.'

खाली सुबोधची टीप आहे. 'दत्तारामकाका म्हणाले, हे अस्मिताच्या कानावर घालायचं नाही. मी शब्द दिलाय. ही नोंद ताईंना दाखवायच्या आधी काय करावं, विचार करायला हवा.'

मी त्याला दोनशे माणसांत विचारलं होतं, माझे वडील काय म्हणाले, एक वाक्य सांग.

१४, १५ फेब्रुवारी

काही लिहिलं नाही. घरातले सगळे आवाज ऐकू येतात. फ्रिज. नळ. लिफ्टचं दार.

१६ फेब्रुवारी, रविवार

मानखुर्दला गेले. सुबोधची आई, जानकीताई, वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. मालवणकडची. दार उघडलं, ओळखलं, बाजूला झाली. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. प्रोग्राम, फोल्डर, परवानगी. आयुष्यात इतकं वाईट मी कधी बोलले नाही.

ती म्हणाली, "बस आधी. चाय कसो घेतंस?"

पाहुण्याला सगळेच विचारतात. पण मला त्याचा तो रकाना आठवला आणि उत्तर देता येईना.

तिने चहा आणून ठेवला. मी छापून नेलेले कागद तिच्यापुढे ठेवले, एक्केचाळीस नोंदी. तिने वरचा कागद नुसता हाताने सारखा केला. म्हणाली, "रोज येवन सांगी, आज अमको भेटलो, आज तमको रडलो. माका म्हायत होता, लिवल्यान ता. माका पुरावो नको."

"मी तुमची माफी मागायला आलेय."

"माका कित्याक सांगतंस? चार लोकांत बोललंस, चार लोकांतच परत घे."

निघताना मी विचारलं, "तो त्या दिवसाबद्दल काही म्हणाला होता?"

"म्हणालो, आये, माका येक वाक्य सांगूचा होता, पण ता माझा नव्हता."

२० फेब्रुवारी

रविवारी, तेवीस तारखेला, निरोपाची सभा. पत्रिकेवर छापलंय, समारोपाचं भाषण, अस्मिताताई. गंधालीला म्हटलं, त्या दिवशी तोच संगणक, तोच पडदा लावायचा.

"आणि कुठलं खातं?"

"सुबोधचं."

ती म्हणाली, "दत्ताराम म्हणजे तुमचे वडील ना? मी कॉपी करताना वाचलं. सॉरी."

२२ फेब्रुवारी, शनिवार

सीतारामकाका घरी आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, अण्णांच्याच खात्यातले. जानकीताईंकडे मी गेल्याचं त्यांना कळलं होतं.

"सुबोधचं नाव धुवून काढ, माझी ना नाही," ते म्हणाले. "चाळीस नोंदी वाच. लोक रडतील. एकोणिसावी तेवढी राहू दे."

"मग लोक विचारतील, एवढं सगळं लिहिलं होतं तर त्या दिवशी तोंडाने एक वाक्य का नाही बोलला."

"कोण विचारतंय गं. वर्ष झालं."

"मी विचारलं होतं, काका. माइकवरून."

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. समोर पाडलेल्या इमारतीच्या जागी निळे पत्रे आहेत, तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अस्मिता, तू तीस वर्षं सांगत आलीस, दत्ताराम एक दिवस आत गेला नाही. आम्ही समोर बसलेले असायचो. मी, शांताबाई, सगळे. आम्हाला माहीत नव्हतं, असं वाटतं तुला?"

मी खुर्ची ओढून बसले.

"मग टाळ्या का वाजवायचात?"

"पोर जगली म्हणून," ते म्हणाले. "आणि काय."

२३ फेब्रुवारी, रविवार

सभेहून आले. जे झालं तेवढंच लिहिते.

दीडशेच्या आसपास माणसं होती. जानकीताई आल्या, पुढच्या रांगेत अण्णा बसायचे त्या कडेला बसल्या. मुद्दाम नव्हे, तीच खुर्ची रिकामी होती.

गंधालीने संगणक सुरू केला. पडद्यावर सुबोधचा फोटो भिंतीएवढा झाला, हेल्मेट, पायरी. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर सुबोध." प्रोग्राम उघडला. नोंदी: ४१. कुणी काही विचारायच्या आत मी माइक घेतला आणि गेल्या वर्षी याच जागेवरून मी काय म्हणाले, ते वहीतून वाचून दाखवलं. सगळं. 'एकही ओळ नाही' सकट. मग सांगितलं की ओळी होत्या. त्या त्याला दिसत होत्या आणि आम्हाला नाही, आणि तो दाखवतो म्हणत होता तेव्हा मी त्याचं दार बंद केलं.

भाषण लिहून नेलं नव्हतं. बरं झालं. चांगलं लिहिलं असतं.

मग एकोणिसावी नोंद उघडायला सांगितली. सीतारामकाकांनी डोळे मिटले. मी वाचली. बिनसाखरेचा चहा, मागचं दार, अकरा दिवस, सहा माणसं. टाळ्यांच्या वाक्यापाशी मला तीनदा थांबावं लागलं. खाली सुबोधची टीप वाचली. आणि म्हणाले, "मी विचारलं होतं, एक वाक्य सांग. हे ते वाक्य. त्याने माझ्या वडिलांना शब्द दिला होता, म्हणून तो बोलला नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. पंखे चालू आहेत आणि खाली माणसं नाहीत, असं क्षणभर वाटलं.

जानकीताई उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि त्या मोठ्या झालेल्या अक्षरांवर एक बोट ठेवून वाचू लागल्या. त्यांची सावली ओळींवर पडत होती, म्हणून त्या जरा बाजूला सरकल्या. लोक बसून राहिले. त्यांचं वाचून होईपर्यंत कुणी उठलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

खोलीतला शेवटचा दिवस. गंधालीने 'स्मृतिकोश' आणि सगळ्या नोंदी चढवून नवा संगणक लावून दिला, तो शेजारच्या शाळेच्या वर्गात ठेवायची सोय झाली आहे. जुनं मशीन मी घरी आणणार. भंगारात नाही.

"कायम प्रशासक अशी खूण करून देऊ का?" गंधालीने मला चिडवायला विचारलं.

"नको. दुसरं काय करता येतं?"

"प्रोग्रामला अधिकार द्यायचा नाही. त्या एका फोल्डरवर सगळ्यांना लिहायची मुभा द्यायची. मग जो लिहील ते सगळ्यांना दिसेल, आणि कुणाला कुणाचा पासवर्ड लागणार नाही. खरं तर पहिल्या दिवशी एवढंच करायचं होतं. दोन मिनिटांचं काम."

तिने दोन मिनिटांत केलं. मी घड्याळ पाहिलं.

मग मी 'वाचक' या साध्या नावाने आत गेले. 'स्मृतिकोश' उघडला. चौकट आली नाही. जुन्या नोंदी होत्या तशाच दिसल्या. मी नवी नोंद उघडली, बेचाळिसावी. नाव, खातं, चहा. शेवटचा रकाना 'लिहून घेणारा', तो आपोआप भरून आला: सुबोध.

गंधाली वाकून म्हणाली, "त्याने तिथे स्वतःचं नाव कायमचं घालून ठेवलेलं दिसतंय. सेटिंगमध्ये आहे, बदलते."

"राहू दे गं."

खोली रिकामी होती. कपाटं गेल्यावर भिंतीवर त्यांचे फिकट चौकोन राहिलेत. गंधाली खोकी बाहेर न्यायला गेली. मी माझं नाव लिहिलं. खात्यात लिहिलं, बोलणं. चहाच्या रकान्यात लिहिलं, मानखुर्दला, विचारल्यावर सांगता आला नाही. आणि मग समोर कुणी ऐकायला बसलंय अशा बेताने, हळू, पहिलं वाक्य टाइप केलं: १७ मार्चला त्याने माझ्याकडे पाहिलं होतं.